न तपासलेली तलवार

थंडी पुण्यात आधी ओठांना कळते, मग टाचांना आणि मग लाकडाला. पावसाळाभर चौकटीत रुतून बसलेली दारं एके सकाळी बोट लावलं तरी उघडतात. खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. कसब्यातल्या आमच्या गल्लीत ऊन उशिरा उतरतं, आणि उतरतं तेवढ्या तुकड्यात आम्ही दोन-तीन म्हातारे खुर्च्या सरकवत बसतो. हातावर नखाने ओढलं तर पांढरी रेघ उठते. लोकांना हा ऋतू आवडतो. हुरडा, गुळाची पोळी, टेकडीवरचं फिरणं. मला मात्र या कोरड्या हवेत जवसाच्या तेलाचा वास येतो, घरात थेंबभर तेल नसलं तरी. आणि त्या वासामागून एक आवाज येतो. चिरलेल्या बांबूचा.

या वर्षी त्या आवाजाआधी फोन आला. सुलभाचा.

सुलभा माझी विद्यार्थिनी होती. फार वर्षांपूर्वी, अशाच एका थंडीत, मी चालवत असलेल्या बांबूच्या तलवारीच्या वर्गात तिचा उजवा डोळा गेला. त्यानंतर आमचं बोलणं राहिलं नाही. एखाद्या लग्नात ती दिसली तर मी पंगत बदलत असे. आता ती कर्वेनगरला भावाच्या कुटुंबाबरोबर राहते. भावाची मुलगी, केतकी, कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. तिने हौसेने बिबवेवाडीतल्या एका वर्गात नाव घातलं. तो वर्ग आता नितीन चालवतो, तोही माझाच जुना विद्यार्थी. पहिल्या रविवारी नितीनने नव्या मुलांना सुरक्षिततेचा धडा म्हणून एक गोष्ट सांगितली. एक मुलगी होती, हाताने फार चपळ, पण मुखवट्याचा पट्टा नीट लावायचा कंटाळा करायची. एके दिवशी मुखवटा सरकला आणि डोळा गेला. म्हणून पट्टा दोनदा ओढून बघायचा. केतकीने घरी येऊन ही गोष्ट आत्यालाच सांगितली. आत्याच्या डोळ्याबद्दल ‘अपघात’ यापलीकडे त्या घरात कुणी केतकीशी बोललेलं नव्हतं.

सुलभाचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, “सर, अजून तीच गोष्ट सांगता होय?”

मी म्हटलं, मी नाही, नितीन सांगतो.

“नितीनला कुणी सांगितली?”

 मग तीच म्हणाली की पोरगी दर रविवारी तिथे जाणार आहे, तिला खरं काय ते ठाऊक असलेलं बरं. तुम्ही सांगणार की मी सांगू, एवढंच विचारायला फोन केला.

ती गोष्ट मी रचलेली आहे. तिच्यातला पट्टा तेवढा खरा.

ऐन उमेदीत मला कंपनीने प्रशिक्षणासाठी काही महिने जपानला धाडलं होतं. तिथे संध्याकाळी मी हा खेळ शिकलो. चार कामट्या चामड्याच्या पट्टीने एकत्र बांधून केलेली तलवार, चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा, छातीवर चिलखत, आणि समोरच्याला घाव घालण्याआधी व घातल्यानंतर वाकून नमस्कार. परत आल्यावर कसब्यातल्या एका शाळेचा हॉल रविवारी सकाळी मिळवला आणि वर्ग सुरू केला. सामान परदेशातून आणण्याइतका पैसा कुणाकडेच नव्हता. तलवारी बुरुडाकडून करून घेतल्या. मुखवट्याच्या जाळ्या एका वेल्डरने जुळवून दिल्या, आत गादीवाल्याने कापूस भरला, हनुवटीखालचे पट्टे चपला शिवणाऱ्याकडून आले. लांबून आम्ही मधमाश्या पकडायला निघालेल्या माणसांसारखे दिसत असू. पण डिसेंबरात त्या हॉलच्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहायचं, तळव्यातून गुडघ्यापर्यंत गार कळ चढायची, आणि पहिल्या घावाचा टप्प असा कोरडा आवाज भिंतीवरून परत यायचा, त्या क्षणी आपण कुणाला हास्यास्पद दिसतो हे मनातही येत नसे.

नियम कडक होते. तिला काठी म्हणायचं नाही. टेकू म्हणून तिच्यावर भार द्यायचा नाही. जमिनीवरच्या तलवारीला ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. चेष्टेतसुद्धा टोक कुणाच्या तोंडासमोर धरायचं नाही. कुणीही, कुठल्याही कारणाने “थांबा” म्हटलं की हात जिथे असेल तिथे थांबवायचा, कारण नंतर विचारायचं. हे शेवटचं मी तिकडून जसंच्या तसं आणलं होतं. माझ्या गुरूंना ते सगळ्यात महत्त्वाचं वाटे.

एक नियम मात्र आमच्या घरचा होता. थंडीत बांबू सुकतो, चिरतो, त्याची फास सुटते, म्हणजे काट्यासारखा लांब तंतू. तो डोळ्यांना दिसत नाही. पण देवाजवळच्या वातींचा कापूस कामटीवरून हलक्या हाताने फिरवला तर जिथे फास असेल तिथे अडकतो. ही युक्ती माझ्या बायकोची. तिच्या डब्यातला कापूस मी पळवत असे, त्याची बोलणी दर रविवारी खात असे. सरावाआधी जोड्यांनी तलवारी बदलायच्या आणि समोरच्याची तलवार आपण तपासायची. आपली नाही, समोरच्याची, कारण घाव आपल्याला बसणार. कापूस अडकला तर तलवार बाजूला. तिला बारीक पॉलिश कागदाने घासायचं, जवसाचं तेल पाजायचं आणि पुढच्या रविवारपर्यंत हात लावायचा नाही. अर्धा हॉल त्या तेलाच्या वासाने भरून जायचा. बुरुडाच्या तलवारी आम्ही अशा तपासायचो जसा भाजीवाल्याकडून घेतलेला प्रत्येक टोमॅटो दाबून बघतात. इथला माल, बघून घेतलेला बरा.

माझी तलवार कुणी तपासत नसे.

ती जपानची होती. निघताना गुरूंनी स्वतःच्या हाताने दिलेली. घरी ती रेशमी पिशवीत, टीव्हीच्या वरच्या भिंतीवर असायची. सणासुदीला आणि खास प्रात्यक्षिकाला बाहेर निघायची. वर्गात मी ती काढली की मुलं पुढे येत, दोन्ही हातांनी घेत, कपाळाला लावत आणि परत देत. कापूस लावायचं कुणाच्या मनातही आलं नसावं. एकदा एका नव्या मुलाने विचारलं होतं, सरांची कोण बघतं? नितीनने त्याला कोपरखळी मारली. जपानचा माल आहे, त्याला काय बघायचं. मी ऐकलं आणि हसलो. मला बरं वाटलं होतं. तेलही मी तिला कधी पाजलं नाही, मूळचा पिवळसर रंग काळवंडेल म्हणून. दमट हवेच्या देशातला तो बांबू पुण्याच्या किती हिवाळ्यांत भिंतीवर सुकत राहिला, याचा विचार मी, कारखान्यात धातूंच्या चाचण्या घेणाऱ्या माणसाने, केला नाही. समोरच्याने माझी तलवार कपाळाला लावावी हा आदर, आणि तिच्यावरून कापूस फिरवावा हा संशय, असं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. त्या हॉलमध्ये माझ्या तलवारीचे घाव इतर सगळ्यांना बसत, पण मला विचारणारं कुणी नव्हतं.

सुलभा त्या वेळी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायची. बारीक अंगाची, कमी बोलणारी. पेन्सिल कानावर खोचलेली तशीच वर्गात यायची. तिचा कान किती तयार आहे हे मला माहीत होतं. घाव बरोबर बसला की नाही हे ती आवाजावरून सांगे, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगे. कामाच्या सवयीने असेल, मुखवट्याचा पट्टा ती दोनदा नाही, तीनदा ओढून बघायची. मुलं तिला त्यावरून चिडवायची.

ती सकाळ अजून माझ्या कातडीवर आहे. खिडकीच्या जाळीतून येणारं ऊन, त्यात तरंगणारा कापसाचा भुगा, तोंडातून निघणारी वाफ. मला नव्या मुलांना डोक्यावरचा घाव दाखवायचा होता. मी माझी तलवार काढली, ती कपाळाला लावून परत आली, आणि सुलभा समोर उभी राहिली. दोन-तीन घाव झाले. तिने तलवार खाली केली.

“सर, आज आवाज वेगळा येतोय.”

आवाज वेगळा येत होता. टप्प नव्हता. आत काहीतरी सैल खुळखुळत होतं. मी तो तिच्याआधी ऐकला होता, पहिल्याच घावाला. हे वाक्य मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही, बायकोजवळही नाही.

मी म्हणालो, “आवाज ऐकायचा असेल तर तबल्याच्या क्लासला जा. इथे पाय बघ.”

सगळे हसले. माझे टोमणे वर्गात प्रसिद्ध होते, घरी जाऊन लोक ते सांगत. सुलभा हसली नाही, रागावलीही नाही. तिने “थांबा” हा शब्द उच्चारला नव्हता, पण दुसरं काय म्हणत होती ती? ती पुन्हा सरळ उभी राहिली आणि मी पुढचा घाव घातला. अंमळ जोराने घातला, तेही इथे लिहितो. एक कामटी मधून चिरलेलीच होती. तिची बोटाएवढी फास सुटली आणि जाळीच्या फटीतून आत गेली.

मुखवटा मीच काढला. पट्टा इतका घट्ट होता की माझं बोट आत शिरेना. सगळे भोवती गोळा झाले तेव्हा मुखवटा फरशीवर होता आणि पट्टा सुटलेला.

दवाखान्याच्या जिन्यात शाळेचे एक विश्वस्त भेटले. घाबरलेले होते, हॉल त्यांच्याच शब्दावर मिळालेला. त्यांनी विचारलं, पट्टा सुटलेला होता म्हणे? मी म्हटलं, हो, सुटलेला होता. यात खोटा शब्द एकही नाही. मीच तो सोडला होता, एवढं सांगितलं नाही. सुलभाचे वडील दोन पायऱ्या खाली उभे होते, हातात तिची चप्पल घेऊन. त्यांनी ऐकलं. वर बघितलं नाही.

त्या वेळी मला हॉल जाईल असं वाटलं, पोलीस येतील असं वाटलं, कंपनीत कळेल असं वाटलं. पण ही भीती आठवड्याभराची होती. त्यानंतर मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. सुलभा शुद्धीवर आल्यावर म्हणत राहिली की पट्टा लावलेला होता. मैत्रिणी तिला समजावत की अगं, होतं असं एखाद्या वेळी, आणि सर कशाला खोटं बोलतील?

तलवार मी घरी आणली, चामडं सोडवलं, चारही कामट्या वेगळ्या केल्या आणि बंबात घातल्या. बांबू जळताना फटाफट फुटतो. बायकोने आतून विचारलं, काय फुटतंय? मी म्हटलं, ओलं लाकूड आहे. त्या बांबूइतकं कोरडं लाकूड आमच्या घरात कधी आलं नव्हतं. पाणी कढत झालं. मी त्याने आंघोळ केली आणि कामावर गेलो.

वर्ग काही दिवस बंद राहिला, मग सुरू झाला. नव्या मुलांना काळजी घ्यायला शिकवायचं तर झालेलं सांगावं लागे. पहिल्यांदा मी ‘पट्टा सुटला होता’ म्हणालो. पुढच्या वर्षी ‘सैल होता’. त्याच्या पुढच्या वर्षी ‘तिला जरा कंटाळा होता’ हे कसं आलं, मला सांगता येणार नाही. ऐकणाऱ्यांचे डोळे मोठे होत, हात आपोआप हनुवटीकडे जात, आणि मी एका काळजीवाहू शिक्षकासारखा त्यांचे पट्टे ओढून बघत फिरे. पट्ट्याची शिस्त वाढली तशी कापसाची कमी झाली. धोका कुठून येतो हे आता सगळ्यांना पाठ होतं ना. पुढे मी वर्ग नितीनकडे सोपवला तेव्हा निरोपाच्या भाषणात कुणीतरी माझं सुरक्षिततेबद्दलच्या आग्रहासाठी कौतुक केलं. शाल मी घेतली. अजून कपाटात आहे, थंडीत वापरतो.

माणूस एवढी वर्षं हे कसं पोटात ठेवतो, असं वाटेल कुणाला. त्यात अवघड काहीच नाही. सकाळी दूध येतं, वीजबिल भरायचं असतं, मुलीचं लग्न निघतं. फक्त या ऋतूत, टाचांना भेगा पडल्या आणि रात्री मलम चोळायला बसलं की कुठलीही चीर हाताला लागते आणि बोट तिथे थांबतं.

सुलभाच्या फोननंतरच्या रविवारी मी बिबवेवाडीला गेलो. रिक्षातच ठरवलं होतं कसं बोलायचं. आता नितीनचा वर्ग मोठा आहे, एका सोसायटीच्या तळघरातला हॉल, आरसे लावलेले. मुलांचं सामान चकचकीत, बहुतेक ऑनलाइन मागवलेलं. मी शिरलो तेव्हा एक मुलगा नितीनची तलवार दोन्ही हातांनी कपाळाला लावत होता. कापसाचा डबा कुठे दिसला नाही. नितीनला बाजूला घेऊन मी कशासाठी आलो ते सांगितलं. तो आयटीतला, स्वभावाने चांगला. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “सर, आता या वयात कशाला त्रास करून घेताय? मुलांचा फोकस जाईल.” मग स्वतःच मुलांना अर्धवर्तुळात बसवलं.

मी बोललो. चांगलं बोललो, हीच पंचाईत. जपानपासून सुरुवात केली, गुरूंची आठवण सांगितली, अहंकार माणसाला कुठे नेतो ते सांगितलं, मनावरच्या ओझ्याबद्दल बोललो. माझी तलवार चिरलेली होती आणि दोष माझा होता हेही सांगितलं. शेवटी आवाज भरून आला. आणि टाळ्या. नितीन डोळे पुसत म्हणाला, असं कबूल करायला केवढं मोठं मन लागतं. मुलं रांगेने पाया पडली. एका मुलीने मोबाइलवर सगळं टिपून घेतलं होतं. केतकी कोणती हे मला ठाऊक होतं, तिची जिवणी आत्याची आहे. ती मागे बसून पायात मोजा चढवत होती.

घरी आल्यावर मी सुलभाला फोन केला. सांगून टाकलं, म्हटलं. मुलांनी कसं घेतलं, तिने विचारलं. मी, खरं तेच सांगायचं म्हणून, टाळ्यांचंही सांगितलं.

 ती म्हणाली, “टाळ्या वाजल्या? मग तुम्ही माझं काहीच सांगितलं नाहीत, सर. तुमचं सांगितलंत.”

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी खुर्ची घेतली नाही. मी म्हटलं, गेल्या वेळी एक गोष्ट राहिली. तिचा पट्टा घट्ट होता, तो मी सोडला. ती म्हणाली होती आवाज वेगळा येतोय. तो मलाही आला होता. मी तिची चेष्टा केली आणि घाव घातला. मग वर्षानुवर्षं ती निष्काळजी होती असं सांगत राहिलो. तिला नकाशांचं काम सोडावं लागलं. बस्स.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाया पडायलाही कुणी उठलं नाही. आरशात सगळे एकमेकांकडे बघत होते. नितीन तलवारीच्या मुठीवरची दोरी सोडून पुन्हा बांधत बसला. त्याला बहुधा कोपरखळी आठवली असावी, किंवा नसेलही. तेवढ्यात केतकीने शाळेतल्यासारखा हात वर केला.

“आजोबा, तुम्ही हे आत्याला म्हणालात का?”

मी म्हटलं, तिच्याशी फोनवर बोललो आहे.

“नाही, हे. समोर बसून.”

मी तिथून रिक्षा केली ती थेट कर्वेनगरची. नाहीतर मी कसब्यात परतलो असतो आणि आणखी एखादा हिवाळा काढला असता. दार सुलभाने उघडलं. केस पांढरे झालेत. जाड काचेचा चष्मा, उजवी काच धुरकट. ती दारातून बाजूला झाली. मी कोचाच्या टोकाला बसलो. तिने आपली खुर्ची उचलून माझ्या दुसऱ्या बाजूला नेली आणि बसली. मला कळायला क्षण लागला. मी तिच्या न दिसणाऱ्या बाजूला बसलो होतो.

मग मी सांगितलं. पट्टा, आवाज, टोमणा, जिना, बंब. बंबाचं तिला ठाऊक नव्हतं. मी माफी मागितली. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा मला तो फार लहान वाटला, आणि तरी एवढी वर्षं मला तो उचलता आला नव्हता.

तिने टेबलक्लॉथची घडी बोटाने सरळ केली. मग बोलली ते वडिलांबद्दल.

“बाबा मला एकदासुद्धा रागावले नाहीत. पण मी घराबाहेर पडले की दारापर्यंत यायचे. पर्सची चेन लावलीस का, चपलेचा पट्टा लावलास का, नीट लावलास ना? मी चाळिशी ओलांडली तरी. शेवटी दवाखान्यात होते, माणसं ओळखत नव्हते. मी उठले की माझ्याकडे बघून तेवढंच विचारायचे. नीट लावलास ना?”

बाहेर केतकीची गाडी थांबल्याचा आवाज आला. सुलभा उठली, दाराकडे जाता जाता थांबली.

“त्यांना सांगायला हवं होतंत, सर,” ती म्हणाली. “मी सांगायचे, त्यांना खरं वाटायचं नाही.”